चरवीत हात जायचा

माझे मेहुणे शिवाजीराव यांची डेअरी कराडपासून फार लांब नाही. तासाला हजार लिटरचा जुना पाश्चरायझर पहाटे पाचला सुरू होतो आणि संध्याकाळी पाचला थांबतो. पिशव्या, थोडं दही, दसऱ्या-पाडव्याला श्रीखंड, एवढाच पसारा. माझी मुलगी मृणाल दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत आहे. सुट्टीवर आली तरी मामाच्या डेअरीत चक्कर टाकल्याशिवाय तिला राहवत नाही. हे दोघं समोरासमोर आले की मी मधली खुर्ची धरतो. जन्मभर मराठी शिकवल्यामुळे दुधातलं मला चहापुरतंच कळतं, म्हणून पंच म्हणून दोघांनाही चालतो.

या खेपेला निमित्त होतं फुटणाऱ्या दुधाचं. पहाटे भरलेली पिशवी दुकानात रात्र काढूनही दुसऱ्या दिवशी नीट तापायची. दुपारी तीननंतर भरलेली मात्र पातेल्यात फुटायची. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा दुकानदाराचा फोन ठरलेला. शिवाजीरावांनी आपल्या परीने छडा लावला होता.

"दुकानदार रात्री फ्रीज बंद करतात," ते म्हणाले. "लाइटबिल वाचवायला. यात माझ्या मशीनचा काय दोष?"

"करतात, खरं आहे. पण मामा, पहाटेचा उरलेला मालही त्याच फ्रीजमध्ये असतो. तो का टिकतो?"

"मग फॉस्फटेज बघ की. वर्षभराचं रजिस्टर आहे, एक पॉझिटिव्ह काढून दाखव. ७२ डिग्री, १५ सेकंद, काटा हलत नाही. जंतू मेले. मेलेले काय परत उठतात होय गं?"

फॉस्फटेजचं मला वेगळं समजावून सांगावं लागलं. कच्च्या दुधात ते असतं आणि पाश्चरायझरच्या उष्णतेला टिकत नाही. म्हणजे ते सापडलं नाही तर दूध पुरेसं तापलं. चाचणी चोख आहे, पण ती फक्त तापण्याबद्दल बोलते. तापल्यानंतर दूध कुठून कुठून गेलं याची तिला खबर नसते.

"मेलेले उठत नाहीत," मृणाल म्हणाली. "पण सगळे मरतही नाहीत. जे तगतात ते पुढे वाटेत घर करतात. तुमच्या मशीनच्या पोटातच त्यांना जागा आहे."

ती जागा म्हणजे पाश्चरायझरमधला काटकसरीचा भाग. ४ अंशांचं गार दूध आत येतं, ७२ अंशांचं बाहेर निघतं. दोघांना पातळ स्टीलच्या पत्र्यांच्या दोन अंगांनी नेलं की गरम दूध आपली ऊब गार दुधाला देतं. गार फुकटात तापतं, गरम फुकटात निवतं, बॉयलरचं इंधन वाचतं. शिवाजीरावांना या भागाचा मोठा अभिमान. पण ७२ वरून खाली उतरताना दूध कुठेतरी ५०-४५-४० च्या पायऱ्यांवरून जातंच. ऊब आहे, पोटभर दूध आहे, आणि मागचे स्पर्धक उष्णतेनं आधीच मारलेले.

"बाळंतिणीची खोली आहे ती जंतूंची," मृणाल म्हणाली. "तगलेले तिथल्या पत्र्यावर बसतात, वाढतात. आठ-दहा तास मशीन सलग चाललं की त्यांची पोरंबाळं सुटून वाहत्या दुधात यायला लागतात. पहाटेच्या दुधात ती नसतात. दुपारच्या दुधात असतात. मग दुकानदारानं फ्रीज बंद केला की पहाटेची पिशवी तग धरते आणि दुपारची आंबट होते. दुकानदारही चूक, आपणही चूक."

"कोण जंतू हा?"

"बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. आपल्या दह्याच्या विरजणात असतो तो."

शिवाजीराव खुर्चीत मागे रेलले. "दाजी, ऐकलंत? दह्याचा जंतू! म्हणजे गुन्हेगार घरचाच निघाला. अगं, मग वाईट काय त्यात?"

"दह्यात सोनं आहे तो. पिशवीत नको."

मी विचारलं, पत्रा गुळगुळीत, वर दुधाचा लोट धावतोय, तिथे हा बसतो कसा? मृणालने पुस्तकी शब्द सांगितला: जैवपटल. शिवाजीरावांनी लगेच दुरुस्ती केली, "बुळबुळ म्हण की सरळ." शब्दाच्या बाबतीत मी पंच या नात्याने मेहुण्याच्या बाजूने कौल दिला. माठाच्या तळाला बोट फिरवल्यावर लागते ती बुळबुळ, मोरीच्या जाळीखालची बुळबुळ, सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला लागतो तो थर. तो तसाच राहिला की कडक होऊन कीटण होतं. हे सगळं एकाच जातकुळीचं.

आधी दुधातल्या प्रथिनांचा पातळ लेप पत्र्यावर बसतो. त्यावर एखादा जंतू टेकतो; पहिल्यांदा सैल, पाण्याच्या झोताने निघेल असा. जरा वेळ मिळाला की तो स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतो, शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिनं, अगदी फुटलेल्या भाऊबंदांचा डीएनएसुद्धा. मग मुक्काम पक्का. आपल्यासारखे आजूबाजूला किती आहेत हेही त्यांना कळतं. प्रत्येक जण थोडं रसायन सोडतो, त्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की सगळे मिळून वागणूक बदलतात. इंग्रजीत त्यासाठी सभेच्या गणपूर्तीचाच शब्द वापरतात, असं मृणाल म्हणाली.

"आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही," शिवाजीराव म्हणाले, "अर्धा तास तहकूब करून पुन्हा भरवावी लागते. आणि ह्यांची बघा!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी खरा मुद्दा काढला. "हे बघ, मी काय घाण ठेवतो असं नाही. रोज संध्याकाळी सीआयपी होते. पाणी, कॉस्टिक, पाणी. आठवड्याला नायट्रिक. तुझ्या त्या बुळबुळीला कॉस्टिकनं जायला काय झालं?"

सीआयपी म्हणजे मशीन न उघडता आतून धुणं, एवढं मला कळलं. इथे मृणालने डेल्फ्टच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडवाल्याची गोष्ट सांगितली, आणि ती मला फार आवडली. लेव्हेनहूकने १६८३ च्या सुमारास आपल्या दातांवरचं कीटण खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं. त्यात हलणारे जीव दिसले. मग त्याने व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. कीटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले जिवंतच राहिले. व्हिनेगर आतपर्यंत पोचलंच नाही, असं त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. म्हणजे जैवपटलाची सगळी मेख पहिल्याच माणसाने लिहून ठेवली होती. नंतरच्या शास्त्रज्ञांनी बहुतेक लक्ष दिलं ते नळीत तरंगणाऱ्या जंतूंकडे, कारण ते मोजायला सोपे. १९७८ साली बिल कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात जंतू कसे चिकटतात यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे हा विषय ऐरणीवर आला. निसर्गातले बहुतेक जंतू पोहत नसतात, कशाला तरी धरून बसलेले असतात.

"क्लोरीन ओतलं की वरच्या थरातच त्याचा जीव जातो," ती म्हणाली. "चिकट पदार्थाशी भांडण्यातच ते संपतं. आतले जंतू तर अर्धवट झोपेत असतात, खातात कमी, वाढतात कमी, त्यामुळे मरतातही कमी. आणि मामा, कॉस्टिक चरबी-प्रथिनं काढतं, पण आपल्या बोअरचं पाणी जड. त्याचा आणि दुधाच्या कॅल्शियमचा मिळून पांढरा दगड पत्र्यावर बसतो. तो कॉस्टिकला दाद देत नाही, त्याला अॅसिडच हवं. आठवडाभर तो खरखरीत दगड म्हणजे जंतूंना चढायला पायऱ्याच."

शिवाजीरावांचा चेहरा आता उतरेल असं मला वाटलं. पण त्यांनी वेगळाच पत्ता टाकला.

"माझी आई चरवी राखेनं घासायची. कसलं कॉस्टिक नि कसलं नायट्रिक! राख, काथ्या, गरम पाणी, आणि उन्हात पालथी. पितळेला आठवड्यातनं एकदा चिंच. कधी दूध नासलं नाही. तुमची यंत्रं आली आणि हे सगळे रोग आले."

मला वाटलं, मृणाल आता भुईमूग फोडावा तसा हा युक्तिवाद फोडणार. तिने तो उचलून डोक्यावर घेतला.

"आजी सीआयपीच करत होती! राख म्हणजे अल्कली. चिंच म्हणजे अॅसिड. काथ्या म्हणजे घर्षण, आणि गरम पाणी. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये हेच मांडलं. रसायन, रगड, उष्णता आणि वेळ, या चौघांवर धुणं चालतं. एक कमी केलं तर बाकीच्यांनी भरून काढायचं. आजी भांडं आधी गार पाण्याने विसळायची, आठवतं? थेट गरम ओतलं तर दूध भांड्याला शिजून चिकटतं. आम्हाला हे कॉलेजात शिकवलं."

"मग झालं तर!"

"नाही झालं. चरवीत हात जायचा, मामा. तळापर्यंत. आणि नंतर ऊन लागायचं, भांडं कोरडं ठणठणीत व्हायचं. तुमची लाइन वर्षाचे ३६५ दिवस ओली असते, आणि तिच्या निम्म्या जागी हात सोडा, डोळासुद्धा जात नाही."

या वाक्यानंतर दोघं थोडा वेळ गप्प होते. दत्ता, म्हणजे मशीनवरचा माणूस, चहा घेऊन आला. त्याला बोलायचं होतं असं मला वाटलं, पण मालकापुढे तो बोलला नाही.

मग मृणालने कॅनडाची गोष्ट काढली. २००८ साली मेपल लीफ फूड्सच्या टोरांटोच्या कारखान्यातल्या थंड मांसाच्या कापांतून लिस्टेरिया पसरला आणि २२ माणसं गेली, बहुतेक म्हातारी. शोध घेतला तेव्हा बोट गेलं ते काप पाडणाऱ्या यंत्रांकडे. कामगार आळशी नव्हते. यंत्र बनवणाऱ्याने सांगितलं होतं तसं ते धुवत होते. पण यंत्राच्या अगदी आतल्या फटींत मांसाचा अंश साचला होता आणि त्या फटी उघडायच्या असतात हेच धुण्याच्या पद्धतीत नव्हतं. हा लिस्टेरिया फ्रीजमध्येही सावकाश वाढतो, मिठाला भीत नाही, आणि गर्भवतीच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. त्याचं नाव पडलं ते जोसेफ लिस्टरवरून, ज्याने शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणलं. जंतूला जंतूंच्या वैऱ्याचं नाव देणाऱ्यांना मी मराठीच्या पेपरात नक्की पूर्ण गुण दिले असते.

"मांस कापायचं यंत्र कुठं आणि माझं दूध कुठं!" शिवाजीराव म्हणाले. "तुझा लिस्टेरिया ७२ डिग्रीला मरतो का नाही?"

"मरतो. पण तो नंतर येतो. पिशव्या भरायच्या खोलीत गटाराची जाळी आहे ना, तिथे तो आरामात राहू शकतो. आणि संध्याकाळी दत्ता त्या जाळीवर प्रेशरचा पाइप मारतो. दिसायला फरशी लख्ख होते, पण गटारातलं सगळं तुषार होऊन हवेत उडतं आणि भरणीच्या तोंडावर बसतं."

"अरे!" शिवाजीराव ताडकन उठले. "तुझ्यासारखेच तपासायला आले होते, भरपूर पाणी मारा म्हणाले. मी अठरा हजारांचा पंप घेतला. आता तू म्हणतेस पाणी मारू नका! तुमचं शास्त्र दर पाच वर्षांनी कूस बदलतं, आणि बिल आम्ही भरायचं."

मला वाटतं, इथे त्यांची बाजू खरी होती, आणि मृणालनेही ती मान्य केली. सपाट टेबल पुसून स्वॅब घ्यायचा, आकडा कमी आला की पाठ थोपटायची, असं तिच्या मोठ्या प्रकल्पातही चालतं. तो स्वॅब काजव्याकडून घेतलेल्या विकरावर चालतो. जिवंत पेशीतलं किंवा अन्नाच्या अंशातलं एटीपी सापडलं की प्रकाश पडतो, यंत्र तो मोजतं. दहा-पंधरा सेकंदांत उत्तर. "पण काजवा तू नेशील तिथंच चमकणार," शिवाजीराव म्हणाले, आणि मृणालने वहीत हे वाक्य लिहून घेतलं. तिच्या बॉससाठी असावं.

मग तिने एक गोष्ट सांगितली जी तिच्याच बाजूला तोट्याची होती. मला तिचा अभिमान वाटला तो इथे. सिसिलीत रागुसानो नावाचं चीज करतात, ते लाकडी टपात. 'टीना' म्हणतात त्याला. त्या लाकडात वर्षानुवर्षं जंतूंचं पटल आहे. कच्चं दूध त्यात ओतलं की काही मिनिटांतच लाकडातून लॅक्टिक जंतू दुधात उतरतात, वेगळं विरजण लागत नाही. संशोधकांनी ते लाकूड तपासलं तेव्हा त्यात रोगजंतू सापडले नाहीत. चांगल्यांनी जागा भरून टाकल्यावर वाईटांना पाय ठेवायला वाव नव्हता. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने लाकडी फळ्यांवर चीज मुरवण्याबद्दल आक्षेप घेतला, चीजवाल्यांनी गिल्ला केला, आणि खात्याला काही दिवसांतच सारवासारव करावी लागली.

"म्हणजे बुळबुळ चांगलीही असते," शिवाजीरावांना हवं ते मिळालं होतं. "आमच्या आईचं विरजणाचं मडकं तसलंच होतं. नुसतं विसळायची, घासू द्यायची नाही. म्हणायची, मडक्याची चव जाईल. आणि तू मला सगळं खरवडून टाक म्हणतेस."

"मडक्यात भाडेकरू कोण आहे ते आजीला माहीत होतं. शंभर वेळा दही लावून तिने त्याला पारखलं होतं. आणि दही आंबट, आत दुसऱ्या कोणाला राहणं अवघड. तुमच्या पाइपात कोण राहतंय, मामा? नाव सांगा त्याचं."

"थर्मोफिलस म्हणालीस की!"

"बहुतेक म्हणाले. तपासलं कुठे अजून?"

यावर खरं तर बोलणं संपायला हवं होतं. पण मूळ अडचण शास्त्राची नव्हतीच, आणि ती शिवाजीरावांनी अखेर उघड केली. दुपारी मशीन मध्येच थांबवून धुवायचं म्हणजे दीड तास. तेवढ्यात दुसऱ्या फेरीचा टँकर दारात उभा. उन्हाळ्यात टँकरातलं दूध तापायला लागतं. कॉस्टिक दुप्पट, वाफ दुप्पट, पाणी दुप्पट, आणि ते सगळं शेवटी ओढ्याला. "शेतकऱ्याला दहा दिवसाला पगार द्यावा लागतो," ते म्हणाले. आमच्याकडे दुधाच्या बिलाला पगारच म्हणतात. "तू मोठ्या प्रकल्पात आहेस, तुमच्याकडे दोन मशीन, एक धुवायला काढलं की दुसरं चालू. माझ्याकडे एक. जंतूंना बाळंतिणीची खोली दिली म्हणतेस, मला दुसरी खोली बांधायला कोण देणार?"

मृणालकडे याला उत्तर नव्हतं, आणि तिने ते नसल्याचं लपवलंही नाही. ती एवढंच म्हणाली की पहाटे पाच, नऊ, एक आणि साडेचारच्या दुधाचे नमुने घेऊ, एक संच ४५ अंशांवर ठेवते, आकडे काय म्हणतात ते बघू. कदाचित चूक माझीच असेल. शिवाजीरावांनी मान हलवली. नमुने फुकट असतात.

तेवढ्यात दत्ता बोलला. "ताई, ती वरची नळी पण बघा की."

पाश्चरायझरकडून भरणीकडे जाणाऱ्या लाइनीवर एक फाटा होता, दीड वीतभर, पुढे ब्लाइंड मारून बंद केलेला. पूर्वी तिथे सुगंधी दुधाचं मशीन होतं. ते विकून सहा वर्षं झाली. फाटा ठेवला होता, कारण पुढेमागे लस्सी सुरू करायचा शिवाजीरावांचा विचार होता.

"सीआयपीचं पाणी इथून सरळ जातं," मृणाल म्हणाली. "धुण्याला वेग लागतो, सेकंदाला दीड मीटर तरी. बंद फाट्यात पाणी जातच नाही, नुसतं घुटमळतं. दूध मात्र भरून राहतं."

"ब्लाइंड मी स्वतः धुतो," शिवाजीराव म्हणाले.

"कधी?"

त्यांनी दत्ताकडे पाहिलं. दत्ता छताकडे पाहत होता.

लाइन थांबवून ब्लाइंड सोडायला पाना लागला, कारण ते सहज निघालं नाही. आतून आधी थोडं दूध आलं, मग काही आलं नाही. शिवाजीरावांनी बोट घातलं. दोन बोटं जेमतेम दुसऱ्या पेरापर्यंत गेली. त्यांनी ती बाहेर काढून अंगठ्याशी घासली, नाकाशी नेली आणि माझ्यापुढे धरली.

"दाजी, वास बघा."

मी पाहिला. आंबट, दह्यासारखाच, पण दह्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, बंद घराच्या मोरीचं. मृणाल स्वॅबची नळी उघडत होती. गेटवर हॉर्न वाजला; दुसऱ्या फेरीचा टँकर.

शिवाजीरावांनी बोटं दत्ताच्या खांद्यावरच्या फडक्याला पुसली. "त्याला सांग, दीड तास बसायला लागेल. चहा पाज. कॉस्टिक तापवायला लाव, आणि नंतर अॅसिडपण." दरवाज्याशी जाऊन ते परत वळले. "आजच्या दिवस हं. आणि मृणाल, तो फाटा कापायचा झाला तर गवंडी नको, वेल्डर बघ चांगला. आतून सांधा गुळगुळीत करणारा."

"आतून करणार कसा, मामा?"

"बोट जाईल तेवढं तरी करील," ते म्हणाले आणि टँकरकडे गेले.